जाड ठशात नाही म्हणजे नॉर्मल?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मधुमेह्याची साखर आटोक्यात आली की कोलेस्टेरॉल आपोआप सुधारते, असा समज आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत पक्का बसला आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी माणसे कोलेस्टेरॉलची गोळी टाळतात. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, पण नळीत काय दिसते ते रोज पाहिलेले आहे.

साखर फार वाढलेल्या माणसाचे रक्त सेंट्रीफ्यूजमधून, म्हणजे नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, काढले की वर आलेले सीरम कधीकधी पातळ ताकासारखे पांढरे दिसायचे. एरवी ते फिकट पिवळे, आरपार दिसणारे. तो पांढरेपणा ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या चरबीचा. इन्सुलिनकडे फक्त साखरेचे खाते नाही. साठवलेली चरबी सुटू न देणे आणि रक्तात फिरणारी चरबी उचलायला लावणे हेही त्याचेच काम. ते कमी पडले की साठ्यातली चरबी यकृताकडे धावते, यकृत तिचे ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडते, आणि ते उचलणारे एंझाइमही मंदावलेले असते. याच गडबडीत एचडीएल, म्हणजे आपण ‘चांगले’ म्हणतो ते, खाली येते. साखर सुधारली की ट्रायग्लिसराइड उतरते, बरेचदा चांगलेच उतरते. आधी पांढरे आलेले सॅम्पल उपचारानंतर स्वच्छ आलेले मी पाहिले आहे.

एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, तसे नाही. साखर सुधारल्यावर ते थोडेसे खाली येते, कधी जागचे हलतही नाही. शिवाय मधुमेहात एलडीएलचा आकडा बेताचा दिसला तरी कण बारीक आणि संख्येने जास्त असू शकतात. धमनीच्या अस्तरात शिरायला ते बरे पडतात.

आमच्या शेजारच्या काकांचेच घ्या. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, १० वरून ७ वर आणला. रोजचे चालणे, वेळेवर औषध, थंडीत गजकसुद्धा सोडली. (ग्वाल्हेरात हे सोपे नाही. ‘तिळाची आहे, चालते’ म्हणणारे दारोदार भेटतात, त्यातल्या गुळाबद्दल कोणी बोलत नाही.) ट्रायग्लिसराइड ३६० वरून १७० वर आले. एलडीएल १२८ होते, ते १२४. डॉक्टरांनी लिहून दिलेली स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी काकांनी ‘आधी साखर उतरू दे’ म्हणून घेतलीच नव्हती. आता रिपोर्ट पुढे करून मला म्हणाले, ‘‘अगं, एलडीएलचा आकडा जाड ठशात आहे का, दाखव बघू!’’

खरेच नव्हता. मर्यादेबाहेरचा आकडा लॅब जाड ठशात छापते. रिपोर्टावर १३० च्या खालचे एलडीएल नॉर्मल म्हणून छापले होते. पण ती मर्यादा सरसकट सगळ्यांसाठी. मधुमेह्याला १०० च्या खाली, आणि हृदयविकार झालेला असेल तर ७० च्या किंवा त्याहूनही खाली आणायला सांगतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या ‘कार्ड्स’ चाचणीचे निष्कर्ष २००४ साली आले. हृदयविकार न झालेले, ४० ते ७५ वयाचे टाइप २ मधुमेही त्यात होते. त्यांचे सरासरी एलडीएल १२० च्या आतच, म्हणजे काकांपेक्षाही कमी होते. तरी रोज १० मिलिग्रॅम अॅटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. स्टॅटिनने साखर किंचित वाढते ही तक्रार खोटी नाही, पण त्यापुढे फायदा मोठा आहे. बाकी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

शहरातल्या लॅबचालकांना माझे एवढेच सांगणे आहे की सॅम्पल घेताना मधुमेह आहे का ते फॉर्मवर विचारा, आणि असेल तर रिपोर्टात एलडीएलसमोर मधुमेह्याची मर्यादाही छापा. त्याहून वर असलेला आकडा जाड ठशात येऊ द्या. दुसरे, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की बाकीच्या आकड्यांवरून नेहमीच्या सूत्राने काढलेल्या एलडीएलवर भरवसा ठेवता येत नाही, ते थेट मोजावे लागते. काही लॅब हे पाळतात, काही आकडा छापून मोकळ्या होतात. थेट चाचणीचे पैसे जास्त पडत असतील तर पेशंटला तसे सांगा, पण चुकीचा आकडा हातात देऊ नका.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
लष्कर, ग्वाल्हेर