पगार बुडवला की ‘वाद’ आणि ताटली हरवली की ‘चोरी’?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी ठाण्यातल्या एका सोसायटीची खजिनदार आहे. दोन विंग, ऐंशीच्या आसपास फ्लॅट, आणि दर महिन्याला सिक्युरिटी एजन्सीच्या चेकवर ज्यांच्या सह्या असतात त्यात माझी एक. म्हणूनच हे पत्र लिहितेय.

आमचे रात्रपाळीचे वॉचमनकाका जालन्याकडचे. रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी. फेब्रुवारीत एकदा पहाटे पाण्याची मोटर बघायला खाली गेले तर ते केबिनमध्ये खिशातली छोटी डायरी काढून बोटांवर मोजत बसलेले, प्रत्येक ड्युटीला एक रेघ, चार रेघा झाल्या की त्यांच्यावर आडवी पाचवी, आणि पानाच्या तळाशी ‘डिसेंबर बाकी’, पुढच्या पानावर ‘जानेवारी बाकी’. विचारलं तेव्हा कळलं की दोन महिने पगारच नाही. आम्ही पाच तारखेच्या आत चेक देतो, एकही महिना चुकलेला नाही. मग घरी येऊन बिलांची फाईल काढली तर एका गार्डमागे एजन्सी आमच्याकडून जे घेते त्यात बेसिक, पीएफ, रिलीव्हर (म्हणजे सुट्टीच्या दिवशीचा बदली गार्ड) सगळं वेगवेगळं लिहिलेलं, आणि काकांना पगार वेळेवर मिळायचा तेव्हाही हातात यायचे त्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त. पीएफ खात्याचा नंबर विचारला तर म्हणाले, ताई तो काय असतो? पीएफच्या नावाने कापायचे मात्र दर महिन्याला.

काकांना घेऊन पोलीस चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी बसवलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले मॅडम हा पैशाचा वाद आहे, लेबर ऑफिसला अर्ज करा, आमच्याकडे नाही येत हे.

मला लगेच दिवाळीतली गोष्ट आठवली. बी विंगमधल्या एका घरात चांदीची ताटली सापडेना, आळ आला घरकामाच्या ताईंवर. एक फोन गेला आणि तासाभरात पोलीस आले, ताईंना चौकीत नेलं, संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, त्यांची मुलगी क्लासवरून येऊन बाहेर उभी होती ते मी स्वतः बघितलंय. ताटली दोन दिवसांनी माळ्यावर सापडली, दिवाळीच्या साफसफाईत त्या घरच्यांनीच वर टाकलेली. ताईंनी ते काम सोडलं, दुसरं काय करणार होत्या?

ताटली हरवल्याच्या नुसत्या संशयावर तासाभरात पोलीस येतात आणि दोन महिन्यांचा पगार नाही हे एजन्सीवाला फोनवर स्वतः कबूल करतो, “देऊ ना, थोडं थांबा” म्हणतो, तरी तो वाद. त्या रात्री मला झोप लागली नाही. मग कायद्यात खरंच काय लिहिलंय ते वाचायला घेतलं, आमच्या सोसायटीतल्या एका वकिलांनी मदत केली.

भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण नोकराने मालकाकडची वस्तू चोरली तर त्यासाठी वेगळं कलम, ३०६, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. हे इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं ३८१, नंबर बदलून तसंच पुढे आलंय. नोकराने विश्वास तोडला म्हणून जास्त शिक्षा, हे एक वेळ समजू. पण मालकाने नोकराचा विश्वास तोडला, महिनाभर राबवून घेतलं आणि पैसेच दिले नाहीत, तर त्याला त्या पुस्तकात कलम नाही. ते वेतन संहितेत आहे. तिथे पहिल्या वेळेला शिक्षा म्हणजे फक्त पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि जास्तीत जास्त दंडाच्या निम्मी रक्कम भरून तडजोड करून प्रकरण मिटवताही येतं. तुरुंग कधी, तर पाच वर्षांत पुन्हा केलं तर, तोही तीन महिन्यांपर्यंत. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात दंड फक्त पाचशे रुपये होता हे खरंय पण पहिल्याच वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाल्यावर गेली. कामगाराला दाव्यात दहा पटीपर्यंत भरपाई मिळू शकते ही त्यातली चांगली गोष्ट आहे, ती मी नाकारत नाही, पण ती मिळवायला अर्ज करायचा, तारखांना जायचं आणि बारा तासांची ड्युटीही सांभाळायची.

सगळ्यात जास्त मला कशाने हलवलं सांगते. पगारातून पीएफ कापून तो भरला नाही तर तो गुन्हेगारी स्वरूपाचा विश्वासघात धरायचा, असं १९७३ साली दंडसंहितेत घातलं गेलं आणि आजही ते तसंच आहे. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच महिन्याच्या पगारातले पीएफचे पैसे गिळले तर फौजदारी गुन्हा आणि बाकीचा अख्खा पगार गिळला तर वाद! पैसे त्याच माणसाचे, त्याच घामाचे.

आणि चेक बाऊन्स घ्या. पूर्वी तोही उधारीचाच मामला होता. १ एप्रिल १९८९ पासून चेक-हुंड्यांच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ने तो गुन्हा झाला, आज त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, कारण चेकवरचा भरवसा टिकला पाहिजे, व्यापार चालला पाहिजे असं ठरलं. मला ते पटतंच, माझे वडील बँकेत होते, त्या भरवशाची किंमत मला माहितेय. पण मजुराच्या कामावरचा भरवसा टिकावा असं कुणाला का वाटलं नाही?

उलट इतिहास बघितला तर मजुरावर कलम लावायला कधी उशीर झाला नाही. १८५९ चा एक कायदा होता, उचल घेऊन काम न करता निघून गेलेल्या कारागिराला, मजुराला मॅजिस्ट्रेट तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात घालू शकत होता. तो रद्द करणारा कायदा थेट १९२५ मध्ये झाला. कराराचं पैशाचं भांडण, पण मोडणारा मजूर होता म्हणून गुन्हा! त्याच काळात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, त्याने तर काही न करताच जन्मापासून लोकांना गुन्हेगार ठरवलं, आपल्या पारध्यांनी काय भोगलं ते महाराष्ट्राला माहितीये, १९५२ मध्ये तो गेला तरी ठप्पा गेला नाही. कोणत्या कृत्याने किती नुकसान होतं यापेक्षा ते कृत्य कोण करतं आणि कोणाचं नुकसान होतं यावरून गुन्हा ठरत आलाय असंच मला यातून दिसतं.

आणि हे बदलणं अशक्य नाहीये. सुप्रीम कोर्टाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करावं लागणं ही घटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे, आणि त्याच कलमात लिहिलंय की याचं उल्लंघन हा कायद्याने शिक्षापात्र गुन्हा राहील. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून पगार कमी देणं हा फौजदारी गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. तिथे चुकून झालेला हिशोब गुन्ह्यात धरत नाहीत आणि ते बरोबरच आहे. धंदा बसला, खरंच पैसे नाहीत अशा छोट्या दुकानदाराला आत टाका असं मीही म्हणत नाहीये. पण ज्याला आमचा चेक पाच तारखेला मिळालाय आणि ज्याने तो वटवलाय त्याच्याबद्दल मी बोलतेय.

कमिटीच्या मिटिंगमध्ये मी हे मांडलं तर दोघंतिघं म्हणाले आपण पैसे दिलेत, आपला काय संबंध. शेवटी मी म्हटलं पुढच्या चेकवर मी सही करणार नाही. चेक अडकला तसा चार दिवसांत काकांना एक महिन्याचा पगार मिळाला, म्हणजे पैसे होते. पीएफची तक्रार केलीय, पगाराचा अर्ज लेबर ऑफिसला दिलाय, तारीख पडायचीय.

तुमच्याकडे माझी एकच विनंती. तुमच्या पेपरात चोर ‘पळवतो’, ‘लंपास करतो’, आणि पगार मात्र आपोआप ‘थकतो’. कोणी थकवला हे शीर्षकात येऊ द्या. मालकाने पैसे घेऊन कामगाराला दिले नसतील तर ‘पगार चोरला’ असं छापा, पहिल्या दिवशी लोकांना खटकेल, खटकू दे.

काकांनी परवा डायरी दाखवली. ‘डिसेंबर बाकी’वर काट मारलीय. जानेवारीचं पान तसंच आहे.

आपली,
एक सोसायटी खजिनदार, ठाणे