डॉक्टरांना सांग, "मला विचारा"

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं आणि लगेच उत्तराला बसलो, कारण त्यातलं एक वाक्य काही केल्या मनातून जाईना. तुझ्या देखत डॉक्टरांनी तुझ्या मुलाला विचारलं, "बाबांना झोप लागते का?" आणि तू समोर बसून नुसता ऐकत राहिलास. वर मला लिहितोस, "चालायचंच, वय झालं आता." खरं सांगू? डॉक्टरांपेक्षा मला तुझ्या त्या "चालायचंच"चा जास्त राग आला. आयुष्यभर मुलांना गणित शिकवताना 'का' विचारल्याशिवाय एकही पायरी पुढे जाऊ दिली नाहीस, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र एका शब्दावर थांबलास!

वयावरून माणसाला कमी लेखणं हा भेदभावच आहे, हे १९६९ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने ठणकावून सांगितलं. एका सुखवस्तू वस्तीत गरीब वृद्धांसाठी घरं होणार होती आणि शेजाऱ्यांचा त्याला विरोध होता. त्या वादात बटलर म्हणाले की हा वंशभेदासारखाच भेदभाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी असे ग्रह असतात. ते लहानपणापासून आपल्याही कानांवर पडत आलेत. तेव्हा ते दुसऱ्यांबद्दल असतात, म्हणून आपण ते तपासत नाही. मग एक दिवस आपणच म्हातारे होतो आणि ते सगळे मुकाट्याने स्वतःला लावून घेतो. ही गोष्ट मला फार क्रूर वाटते.

तिचा परिणाम नुसता मनावर होत नाही. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी पन्नाशी ओलांडलेल्या ६६० माणसांची माहिती तपासली. ही माणसं स्वतःच्या म्हातारपणाकडे कसं बघतात हे आधीच विचारून ठेवलेलं होतं आणि त्यानंतर वीसहून अधिक वर्षांची नोंद हाताशी होती. चांगल्या नजरेने बघणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. तब्येत, पैसा, एकटेपणा हे सगळं हिशेबात धरूनही फरक राहिलाच. हा निष्कर्ष २००२ सालचा. तू लगेच म्हणशील, नुसत्या विचाराने का कुणी जगतं? अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण यातली एक वाट तर उघड दिसते. "आता काय उपयोग" असं ज्याला वाटतं तो चालायला जात नाही, गोळ्या वेळेवर घेत नाही, दुखणं अंगावर काढतो. तू गेले काही महिने नेमकं हेच करतो आहेस.

आता तुझ्या पडण्याविषयी. बॅडमिंटन खेळताना पडलास आणि रॅकेट माळ्यावर गेली. घरातल्या सगळ्यांनी "विश्रांती घ्या" म्हटलं. त्यांची माया मी समजू शकतो, पण हा सल्ला धोक्याचा आहे. ठणठणीत वृद्ध माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून एक प्रयोग झाला होता. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं. दहाच दिवसांत! उलट १९९० मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची तर चालताना लागणारी काठी सुटली. नव्वदीतला स्नायूही काम दिलं की बळावतो. मग आपण तर अजून सत्तरीतच आहोत.

म्हणून आधी पडण्याचं कारण शोध. रक्तदाबाच्या गोळीने उठताना चक्कर येते का? चष्म्याचा नंबर बदललाय का? झोपेची गोळी चालू आहे का? की पायांतला जोरच कमी झालाय? यातल्या प्रत्येकावर काहीतरी करता येतं. "वय" हे कारण लिहून टाकलं की शोधच थांबतो, आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे.

पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं दमदार चालावं किंवा तेवढ्याच कष्टाचं काही करावं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालणं सगळ्यांना माहीत असतं, उरलेले दोन मात्र बहुतेक जण सोडून देतात. सुरुवातीला यंत्रं वगैरे काही लागत नाहीत. भक्कम खुर्चीत बसायचं आणि हातांचा आधार न घेता उठायचं, सावकाश परत बसायचं. मी हे रोज सकाळी करतो. सुरुवातीला मांड्या थरथरत, आता जिना चढताना फरक कळतो. तोलासाठी भिंतीजवळ उभं राहून एक पाय उचलायचा, हात भिंतीपाशी तयार ठेवायचा. तू पडलेला आहेस, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपिस्टकडून शिकून घे. रॅकेट त्यानंतर उतरव, पण उतरव नक्की.

दुसरी गोष्ट कानांची. चारचौघांत बोलायला नको वाटतं, लोक काय बोलतात त्यात रस उरला नाही, असं तू लिहिलंस. मला वाटतं, तुला नीट ऐकूच येत नाही. गेल्या वेळी फोनवर तू अर्ध्या प्रश्नांना नुसतं "हो, हो" म्हणालास तेव्हाच मला शंका आली होती. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्प होतो, आणि गप्प झाला की "आता त्यांचं लक्ष नसतं" असं लोक ठरवून टाकतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता येण्याजोगे धोके मांडले, त्यात बहिरेपण ठळकपणे आहे. चष्म्याची आपल्याला कधी लाज वाटली नाही, मग कानातल्या यंत्राची का वाटावी?

नावं पटकन आठवत नाहीत, ही तुझी तक्रार माझीही आहे. वेग कमी होतो, हे खोटं नाही. पण शब्दसंपदा आणि वर्षानुवर्षं मुरलेली समज बराच काळ टिकून राहते. जॉन गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. तरी अशी उदाहरणं मी जपून वापरतो. "बघा, ते या वयातही..." असं म्हणताना बाकीच्या म्हाताऱ्यांवर नकळत ठपका येतो. मान मिळण्यासाठी डोंगर चढून दाखवावा लागू नये. जो अंथरुणातून उठू शकत नाही त्यालाही "तुम्हाला झोप लागते का?" असं थेट विचारलंच पाहिजे.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना मुलाला घरीच सांग, "बोलणार मी, तू फक्त लिहून घे." प्रश्न कागदावर उतरवून ने. डॉक्टर त्याच्याकडे वळले तर शांतपणे म्हण, "मला विचारा, मी सांगतो." आणि त्यांनी "वयामुळे होतं" म्हटलं तर विचार, "चाळिशीच्या माणसाला हे झालं असतं तर तुम्ही काय तपासलं असतं?" बँकेचे व्यवहारही मुलाच्या हातातून परत घे. त्याला भराभर येतं, तुला वेळ लागेल, लागू दे. तो चिडणार नाही. चिडलाच, तर वहिनी आहेतच तुझ्या बाजूने.

माझं विचारशील तर, शाळेत सुटलेलं कलनशास्त्र, म्हणजे कॅल्क्युलस, मी पुन्हा हातात घेतलं आहे. विकलन जमलं, संकलनाशी अडलोय. वक्राखालचं क्षेत्रफळ आणि विकलनाची उलट क्रिया यांचा संबंध पुस्तक वाचून डोक्यात शिरत नाही. तू शिकवशील का? रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करतो. कानांची तपासणी त्याआधी करून घे, कारण माझ्या शंका पुष्कळ आहेत आणि मला प्रत्येकीचं उत्तर हवं आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शाळेतला बाकमित्र