डुकराच्या मटणाची रेसिपीपण छापा की

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार,

तुमच्या पेपरची रविवारची पुरवणी मी गेली बारा वर्षं इथे नॉर्थ कॅरोलिनात बसून मोबाईलवर वाचते आणि सगळ्यात आधी उघडते ते रेसिपीचं पान. कोंबडी झाली, मटण झालं, सुरमई, बोंबील, खेकडे सगळं येऊन गेलं, पण डुकराच्या मटणाची एकपण रेसिपी मला आजवर त्यात दिसली नाही. मी वसईची, कॅथलिक, आम्ही घरात मराठीच बोलतो आणि आमच्याकडे नाताळ असो की लग्न, डुकराच्या मटणाचं विंदालू आणि सोरपोतेल असतंच. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतपण तेच. ज्यांना चालत नाही त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण जे खातात तेपण तुमचेच वाचक आहेत ना? म्हणून आज मीच एक पाठवते, इथली, पुल्ड पोर्कची, म्हणजे मऊ शिजवून धागे सोडवलेल्या डुकराच्या मटणाची.

इथे नॉर्थ कॅरोलिनात नुसतं बार्बेक्यू म्हटलं की लोकांना डुकराचं मटणच समजतं. राज्याच्या पूर्वेकडे अख्खं डुक्कर लाकडाच्या निखाऱ्यावर रात्रभर भाजतात आणि त्याला फक्त व्हिनेगर आणि मिरचीचा सॉस, तर लेक्सिंग्टन शहराच्या बाजूला फक्त खांद्याचा भाग घेतात आणि सॉसमध्ये थोडं केचप पडतं, आणि ह्यातलं खरं कुठलं ह्यावर इथली माणसं तावातावाने भांडतात. तो धुराचा वास स्लो कुकरमध्ये, म्हणजे तासन् तास मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, येत नाही हे मी आधीच सांगते. पण कामावर जाणाऱ्या बाईला निखाऱ्यापाशी बारा तास बसता येत नाही, आणि घरच्यांना एकत्र जेवायला बसवायचं तर मला हा कुकरच जवळचा वाटतो.

आता मटण. खांदाच घ्यायचा, इथे त्याला बॉस्टन बट म्हणतात, हाडासकट साधारण चार पाउंड म्हणजे पावणेदोन किलोच्या वर, आठ-नऊ माणसांना पुरतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चरबी नको म्हणून पाठीचा लॉइन आणला होता, आठ तासांनी तो काथ्यासारखा कोरडा झाला आणि मुलांनी ताट तसंच ठेवलं, मला फार वाईट वाटलं होतं. नंतर कळलं की खांद्यात जे पांढरे चिवट पडदे असतात तेच तर हवे असतात, मंद आचेवर तासन् तास राहिले की ते विरघळून जिलेटिन होतात आणि मटण आतून ओलं राहतं. पोर्क ६३ डिग्री सेल्सिअसलाच खाण्याइतपत शिजतं पण तेव्हा त्याचे धागे सुटत नाहीत, ते सुटायला आतलं तापमान ९० ते ९५ डिग्रीपर्यंत जावं लागतं.

आदल्या रात्री मटणाला मीठ एक मोठा चमचा, ब्राऊन शुगर दोन, पॅप्रिका (कमी तिखट लाल मिरचीची पूड) एक, आणि मिरपूड, मोहरीची पूड, लसणाची पूड थोडी थोडी असं सगळं चोळून फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी सहाला कुकरच्या तळाला दोन कांदे जाड कापून पसरायचे, वर मटण, अर्धा कप ॲपल सायडर व्हिनेगर, झाकण, लो वर म्हणजे मंद आचेवर दहा तास. फ्रीझरमधलं गोठलेलं मटण तसंच टाकायचं नाही, ते फार वेळ कोमट राहतं आणि त्यात जंतू वाढतात. आणि झाकण उघडून बघायचं नाही, एकदा उघडलं की गेलेली उष्णता परत यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात.

गेल्या वर्षी आई इथे सहा महिने आली होती, ती शेजारी उभी राहून बघत होती. "अगं पाणी नाही घातलंस? करपेल ना!" मी म्हटलं आई, पाणी त्याचं त्याला सुटतं. तिला पटलं नाही, दुपारी दोनदा झाकणावर हात ठेवला पण उघडलं नाही. संध्याकाळी मी आले तर घरभर व्हिनेगर आणि लसणाचा वास आणि आई म्हणाली, "हा तर आपल्या विंदालूचा वास गं." खरंच आहे ते, विंदालू हे नावच पोर्तुगीज विन्या द आल्योशवरून आलं, म्हणजे वाइन आणि लसूण. पोर्तुगीज वसईत १५३४ साली आले आणि इथे अमेरिकेच्या दक्षिणेत द सोतो नावाचा स्पॅनिश माणूस १५३९ साली डुकरं घेऊन उतरला. पाचच वर्षांचा फरक, आणि दोन्हीकडे शेवटी डुकराचं मटण आणि व्हिनेगर एकत्र आले, मला ह्याचं फार अप्रूप वाटतं.

हाड नुसतं ओढलं की स्वच्छ निघून येतं, ते आईनेच काढलं. मग दोन काट्यांनी धागे सोडवायचे, खाली सुटलेल्या रसावरची चरबी काढून टाकून त्यातला कपभर रस परत मटणात घालायचा. सॉस वेगळा, एक कप सायडर व्हिनेगर, चमचाभर चिली फ्लेक्स, दोन चमचे साखर, मीठ, थोडं केचप, फक्त हलवून ठेवायचं. बनमध्ये मटण, वर सॉस, त्यावर कोबीचं कोलस्लॉ. त्या दिवशी आम्ही नऊ जण होतो, माझ्या सासूबाईपण आल्या होत्या, आणि किती दिवसांनी कोणी मोबाईल हातात न घेता जेवलं.

एक गोष्ट वाचकांना सांगायची राहिली. इथून स्लो कुकर विकत आणू नका, इथली वीज १२० व्होल्टची, तिकडे २३० ला तो जळून जाईल. त्याची गरजपण नाही. आईने ह्या ईस्टरला वसईला जाड बुडाच्या पातेल्यात केलं, खांद्याचे चार मोठे तुकडे, अगदी मंद गॅस, घट्ट झाकण, तळाला थोडं पाणी कारण गॅसवर ते आटतं, आणि ॲपल सायडरच्या जागी आपलं माडीचं व्हिनेगर. पाच तास लागले. बनऐवजी फुग्यांबरोबर, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावांबरोबर, वाढलं. तिने मापं वहीत लिहून ठेवलीयत, नाताळच्या पुरवणीसाठी हवी असतील तर कळवा, लगेच पाठवते.

तुमची एक वाचक,
मूळ वसई, सध्या नॉर्थ कॅरोलिना