'इंडियन ओशन'लाही जागा द्या

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत तुम्ही गाण्यांच्या याद्या छापता, त्यात दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडला जागा द्यावी ही मनापासून विनंती.

लग्न ठरल्यावर मी होणाऱ्या बायकोसाठी या बँडची कॅसेट भरली होती. साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीसच मिनिटं. गाणं मध्येच तुटू नये म्हणून आधी कागदावर हिशेब मांडावा लागे. तिचं माहेर नर्मदेकडच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याचं, म्हणून सुरुवात 'मा रेवा'ने केली. नर्मदेचं पारंपरिक गाणं. शिवाय बँडमधले राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले. तिला ते पहिल्याच खेपेला आपलं वाटलं. अरामी भाषेतलं प्रार्थनागीत 'कंदिसा' मात्र मुद्दाम दुसऱ्या बाजूला ठेवलं. कानाला या आवाजांची सवय झाल्याशिवाय ते लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. शेवटी कॅसेटच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे मोडून टाकले, म्हणजे चुकून कुणी वरून दुसरं काही भरायला नको.

'कंदिसा' अल्बम २००० सालचा. तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले. आजच्या मुलामुलींपर्यंत त्यांचा आवाज पोहोचायलाच हवा.

— एक वाचक, धुळे