मराठीतील सामाजिक शास्त्रांच्या पाठ्यपुस्तकांना मुक्त परवाना द्यावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पदवीचा अभ्यासक्रम बदलला की त्याचा पहिला फटका मराठी माध्यमातून कला शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला बसतो, कारण नवा अभ्यासक्रम संकेतस्थळावर लगेच येतो, पण त्यावरचे मराठी पुस्तक हाती पडेपर्यंत अनेकदा निम्मे सत्र सरलेले असते. शहादा तालुक्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करताना मी हे सतत पाहत आलो आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र या विषयांच्या नेमलेल्या पुस्तकांच्या आमच्याकडे मोजक्याच प्रती असतात. परीक्षा जवळ आली की त्या हातोहात जातात आणि परत येतात तेव्हा महत्त्वाच्या घटकाची पाने कोणीतरी ब्लेडने कापून नेलेली असतात. पाने कापणे हा अपराधच आहे. परंतु सत्राला चार-पाच विषय, एकेका पुस्तकाला दोन-अडीचशे रुपये आणि घर कापूस वेचणीच्या मजुरीवर चालणारे, असा हिशेब ज्याला करावा लागतो, त्याला शिस्तीचे दोन शब्द सुनावून आमची जबाबदारी संपते असे मला वाटत नाही. सार्वजनिक पैशातून तयार होणारी सामाजिक शास्त्रांची मराठी पाठ्यपुस्तके मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध व्हावीत, आणि त्याची सुरुवात आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने करावी, ही मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मोफत पुस्तक आणि मुक्त पुस्तक यांत फरक आहे. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. ही मोठी सोय आहे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपल्याकडची असंख्य मुले तिच्याच आधाराने अभ्यास करतात. तथापि त्या पुस्तकांचे सर्व हक्क राखीव असतात. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे आणि शासकीय प्रकाशनांच्या बाबतीत प्रकाशनापासून साठ वर्षे हक्क अबाधित राहतात. त्यामुळे अशा पुस्तकातील एखाद्या प्रकरणात स्थानिक उदाहरण घालून, जुनी आकडेवारी बदलून किंवा त्याचे पावरी या सातपुड्यातील आदिवासी बोलीत रूपांतर करून ते छापायचे असेल, तर शिक्षकाला आधी लेखी परवानगी मागावी लागते. मुक्त परवान्यात हीच परवानगी लेखक स्वतःहून, सर्वांना आणि आगाऊ देऊन ठेवतो. प्रताधिकार त्याच्याकडेच राहतो आणि त्याचे नाव देणे वापरणाऱ्यावर बंधनकारक असते. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे असे परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत, आणि युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने २५ नोव्हेंबर २०१९ रोजी मुक्त शैक्षणिक साधनांविषयीची शिफारस स्वीकारून सदस्य देशांना या दिशेने धोरण आखण्यास सांगितले आहे.

ही कल्पना कागदावरच राहिलेली नाही. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स उपक्रमाने २०१२ मध्ये आपली पहिली पाठ्यपुस्तके प्रसिद्ध केली, तेव्हा भौतिकशास्त्राच्या जोडीला समाजशास्त्राचे प्राथमिक पुस्तक होते, आणि श्रेय देण्याच्या अटीवर त्याचा अनुवाद, त्यात फेरबदल व त्याची छपाई कोणालाही करता येते. पुढे मानसशास्त्र आणि अर्थशास्त्राची पुस्तकेही आली. मात्र परवान्याची अट प्रत्येक वेळी वाचून पाहिली पाहिजे. कोअर या अर्थतज्ज्ञांच्या गटाचे २०१७ मधील अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य वाचता येते, पण त्याच्या परवान्यात फेरबदलाला मुभा नसल्याने मराठी अनुवाद करायचा तर परवानगी घ्यावी लागेल.

झेरॉक्सचा मार्ग आहेच, असे कोणी म्हणेल. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील झेरॉक्स दुकानावर तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनाच्या ओघात अशा प्रती काढणे कायद्यात बसते असा निर्वाळा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो निकाल मोलाचा आहे. परंतु प्रत काढायला मूळ पुस्तक आधी आपल्या भाषेत असावे लागते, आणि ते आपल्या मुलखाविषयी काही बोलणारे असावे लागते.

या दुसऱ्या मुद्द्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. भौतिकशास्त्राचा नियम रावेरला आणि रोमला एकच असतो. सामाजिक शास्त्रांत मात्र अर्धा धडा उदाहरणातच असतो. बाजारात किंमत कशी ठरते हे नंदुरबारच्या मिरची बाजारातून किंवा रावेर-यावलच्या केळीच्या भावातून आमच्या मुलांना जितके पटकन उमगते, तितके परक्या शहरातल्या उदाहरणांतून उमगत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क देणारा २००६ चा वनहक्क कायदा हा इथल्या घराघरांतला विषय आहे. तरीही पदवीच्या मराठी पुस्तकांत त्याची बोळवण बहुधा एखाद्या परिच्छेदात होते. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत झालेले विस्थापन, शहाद्यातील १९७२ नंतरची श्रमिक संघटनेची आदिवासी शेतमजुरांची चळवळ, फैजपूरला १९३६ मध्ये भरलेले काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन यांचेही तेच.

आमच्याकडे एका प्राध्यापकांनी वनहक्क दाव्यावर बारा पानांची टिपणे काढली होती. दावा ग्रामसभेतून वनहक्क समितीकडे कसा जातो, तिथून उपविभागीय आणि जिल्हा समितीपर्यंत कसा पोहोचतो, १३ डिसेंबर २००५ या तारखेला महत्त्व का आहे, वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून कसा चालतो, हे सारे त्यांनी हाताने काढलेल्या एका नकाशासह समजावले होते. धडगावकडच्या काही मुलांनी ती टिपणे घरी नेऊन वडिलांना वाचून दाखवली. पुढे झेरॉक्सवरून झेरॉक्स निघत गेली, नकाशा काळा पडला, सरांची बदली झाली आणि आज ग्रंथालयात त्याची एकही वाचण्याजोगी प्रत नाही. विषयाचे पुस्तक मुक्त परवान्याखाली असते, तर ही बारा पाने सरांच्या नावासह त्याच्या पुढच्या आवृत्तीत गेली असती आणि साक्री, नवापूर, चोपडा येथील वर्गांनाही मिळाली असती.

अशा पुस्तकांसाठी कच्चा माल आपल्याकडे भरपूर आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० मधील खानदेशाचा खंड प्रताधिकारातून केव्हाच मुक्त झाला आहे. तो इंग्रज अंमलदारांच्या नजरेतून लिहिलेला आहे हे लक्षात ठेवून वाचला पाहिजे, पण माहिती म्हणून त्याला तोड नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांचे लेखनही सर्वांसाठी खुले आहे आणि धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी विश्वकोश आकाराला आला, ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचे. तो विश्वकोश आज कोणीही घरबसल्या वाचू शकतो.

लेखकांनी फुकट का लिहावे, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते त्यांनी फुकट लिहूच नये. विद्यापीठाने एकदाच योग्य मानधन द्यावे, हस्तलिखित दोन तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे, आणि अशा पुस्तकातील प्रकरणाला पदोन्नतीच्या गुणांत पूर्ण स्थान द्यावे. सध्या केवळ आयएसबीएन या पुस्तकाच्या नोंदणी क्रमांकासाठी निघून कपाटातच राहणाऱ्या पुस्तकांपेक्षा तो खर्च आणि ती मेहनत कितीतरी सत्कारणी लागेल. प्रकाशकांचेही यात नुकसान होण्याचे कारण नाही. परवाना व्यावसायिक वापराला मुभा देणारा असेल, तर जळगाव-धुळ्याचा कोणताही मुद्रक ते पुस्तक छापून माफक किमतीत विकू शकेल; आणि सातपुड्यात जिथे मोबाइलला रेंज मिळत नाही, तिथे छापील प्रतीशिवाय पर्यायही नाही.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये अस्मिता प्रकल्प जाहीर करून पाच वर्षांत भारतीय भाषांत उच्च शिक्षणाची २२ हजार पुस्तके तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यातील मराठी पुस्तकांवर ‘सर्व हक्क राखीव’ असे छापले जाऊ नये, यासाठी राज्याच्या उच्च शिक्षण विभागाने आताच आग्रह धरावा. आपल्या विद्यापीठाला तर कोणाची वाट पाहण्याचीही गरज नाही. मानव्यविद्या शाखेच्या अभ्यासमंडळांनी प्रथम वर्षाच्या अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र या तीन विषयांपासून सुरुवात करावी, लेखनात तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या शिक्षकांना घ्यावे, आणि पुढील शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी निदान एक पुस्तक परवान्यासह संकेतस्थळावर ठेवावे, अशी विद्यापीठाच्या अधिकार मंडळांना माझी विनंती आहे.

आपला,
एक ग्रंथपाल
शहादा, जि. नंदुरबार