सोनू, फॉर्ममधला तो प्रश्न काढ

चि. सोनू, आशीर्वाद.

आपल्या फौंड्रीत नवीन माणसं घ्यायला पुण्यातून पाठवलेला नोकरीच्या अर्जाचा फॉर्म बघितला. चांगला केलायस, पीएफ, ईएसआय, ब्लड ग्रुप, घरचा नंबर, सगळं एका पानात बसवलंयस, आपला जुना फॉर्म म्हणजे नुसती चिठ्ठी होती. पण खाली तो प्रश्न घातलायस बघ, "आपल्यावर कधी पोलीस केस झाली आहे का? हो / नाही", आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात "हो असल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही", तेवढं काढ. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहून सांगालोय.

अगं, हा बेळगाव आहे. इथं केस नसलेलं मराठी घर शोधायचं म्हणजे अवघडच. 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत गेला, घोषणा दिल्या, झाली केस. तुझ्या मोठ्या काकांचंच नाव 1986 च्या कन्नडसक्तीच्या आंदोलनात घातलेलं, नंतर किती वर्षं तारखा खात होते ते आईला विचार, शेवटी सुटले. तुझ्या फॉर्मप्रमाणे काका आज आपल्याच फौंड्रीत वॉचमन म्हणून पण लागणार नाहीत.

आणि केस झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला काय? एफआयआर वेगळा, चार्जशीट वेगळं, शिक्षा वेगळी. 2022 च्या सरकारी आकड्यांत देशातल्या जेलमधल्या दर 4 माणसांत जवळपास 3 कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा निकालच लागलेला नाही. त्यातला एखादा दोन वर्षांनी निर्दोष सुटून हिंडलग्याच्या जेलच्या गेटमधून बाहेर येतो आणि उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम विचारत फिरतो, तेव्हा दोन वर्षं काय करालतास विचारलं की गप्प बसतो बिचारा.

आपले वकील म्हणाले की प्रायव्हेट कंपनीनं हे विचारू नये असा कायदा आपल्याकडं नाही, आणि अशा माणसाला घ्याच असाही नाही. म्हणजे सगळं आपल्या अकलेवर. पण त्यांनी एक सांगितलं ते मला पटलं, 2016 साली सुप्रीम कोर्टानं अवतार सिंग म्हणून केसमध्ये, ती सरकारी नोकरीची होती, असं म्हटलंय की कोवळ्या वयात घोषणा दिल्या किंवा असा किरकोळ गुन्हा असला आणि माणसानं तो फॉर्मवर लपवला तरी मालकाला ते माफ करता येतं. घोषणा दिल्या, असं त्या निकालातच आहे बघ! आणि प्रोबेशनवर, म्हणजे जेलऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटलेल्याला तर 1958 च्या कायद्यातच संरक्षण आहे, त्या शिक्षेमुळं तो अपात्र ठरत नाही.

तू म्हणशील आप्पा आता समाजसेवा करायला लागले. तसं नाही. पैशाची अफरातफर केलेला मला स्टोअरला नको, दारू पिऊन गाडी ठोकलेला टेम्पोवर नको, आणि बायकांना त्रास देण्याची केस शाबीत झालेला तर आपल्याकडं नकोच, कोअर शॉपमध्ये, साच्यातले वाळूचे गाभे बनवतात तिथं, सगळ्या बायका आहेत, त्यात मी कुणाचं ऐकणार नाही. पण गावात बांधावरून भांडण झालं, डोकी फुटली, तिघं आत गेले, त्यातल्या पोराचा फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, ग्राइंडर धरायचा काय संबंध?

म्हणून केसचं विचार, पण शेवटी विचार. आधी ट्रायल घे, हात बघ, कास्टिंगची कड कशी मारतोय बघ, मग केबिनमध्ये एकट्याला बसवून विचार. पहिल्याच पानावर विचारलंस तर खरं बोलणारा घरी जातो आणि खोटं बोलणारा कामावर लागतो, एवढंच होतं. काय सांगितलं ते ऑर्डरच्या कॉपीवर बघून घे, ती बऱ्याचदा कन्नडात असते, तुला वाचता येतं, मला नाही. सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टानं केसला दिलेला नंबर, घेऊन ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर टाकलं की केस चालू आहे की निकाली ते फुकटात दिसतं.

आता खरं काम सांगतो, कामावर घेतल्यानंतरचं. मागच्या खेपेला जो घेतला, तो मोल्डिंगला उत्तम, पण पगार कुठं टाकायचा? आत असताना रिचार्ज नाही म्हणून त्याचं सिम बंद पडलं, तो नंबर कंपनीनं दुसऱ्याच कुणाला तरी देऊन टाकला, आधारला तोच नंबर, ओटीपी जातोय परक्या माणसाच्या फोनवर. बँक खातं दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून बंदच्यात जमा. पीएफचं केवायसी अडकलं. गडी तीन दिवस कुणाला काही बोलला नाही, त्याला वाटलं ही नोकरी पण गेली. शेवटी सुपरवायझरला त्याच्याबरोबर आधार केंद्रात पाठवला, नंबर बदलला, मग खातं चालू झालं. तोवर पगार व्हाउचरवर सही घेऊन रोख दिला. नवीन माणसाच्या पहिल्या आठवड्यात हेच आधी बघत जा.

कोर्टाची तारीख महिन्याच्या सुरुवातीलाच विचारून घे आणि शिफ्टच्या कागदावर नुसतं "सुट्टी" लिही. कुणाला पोलीस स्टेशनला हजेरी असते, त्याला त्या दिवशी सेकंड शिफ्ट दे. तुला, मला आणि सुपरवायझरला सोडून कुणाला कळायचं कारण नाही. कळलं की काय होतं ते मी बघितलंय, गनमेटलचा स्क्रॅप वजनात कमी भरला की सगळ्यांची मान त्याच्याकडं वळली, आणि निघालं काय, तर काट्याची नोंदच चुकीची. तेव्हापासून नियम आहे, आधी रजिस्टर, मग कॅमेरा, मग माणूस. तो नियम तुझ्या फाइलमध्ये घाल.

सगळेच टिकले असं नाही. एक जण अ‍ॅडव्हान्स घेऊन गेला तो गेलाच. पण बिनकेसवाले किती पळालेत त्याची यादी काढू काय?

गणपतीनंतर तू आलीस की खानापूरकडचा एक पोरगा ट्रायलला बोलावलाय, त्याच्यावर काय आहे ते मला माहीत आहे, तुला मुद्दाम सांगत नाही. त्याचं तू बघ. आणि ते फॉर्म गठ्ठ्यानं छापून घेतलेस म्हणालीस ना, ते टाकू नकोस, पाठकोरी बाजू हीटच्या, म्हणजे भट्टीत धातू वितळवल्याच्या, नोंदींना चालते.

आप्पा