बाबा, चूक तुमची नाहीये, हार्ड डिस्क थकलीय

प्रिय आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर आई हळूच म्हणाली की बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत, कॉम्प्युटर मीच बिघडवला असं म्हणत बसलेत, तेव्हापासून मला चैनच नाही. आवाज तुटत होता म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, आई तू मोठ्यांदा वाचून दाखव त्यांना.

बाबा, तुम्ही काहीच बिघडवलं नाहीये. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर लागतो आणि आपला २०१४ चा, चौथ्या पिढीचा आय-थ्री, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी, फुकट मिळणारी सिस्टीम टाकूया हे मीच म्हटलं होतं. तुम्ही सगळं वहीत लिहून घेऊन केलंत, फक्त सी ड्राईव्हची जागा निवडली, डी ला हात लावला नाही. 'इरेज डिस्क' दाबलं असतं तर सगळी डिस्कच पुसली गेली असती आणि आज हे पत्र मला वेगळंच लिहावं लागलं असतं.

स्क्रीनचा फोटो मी चार वेळा बघितला. फाईल कॉपी होता होता थांबलं आणि 'एरर ५, इनपुट/आउटपुट एरर' आलं. खाली सीडी पुसून बघा असं लिहिलंय, त्याने तुम्ही गोंधळलात कारण आपण तर पेन ड्राईव्ह लावलाय. तो मेसेज सीडीच्या काळातलाच आहे, तसाच ठेवलाय, पण त्यातच पुढे हार्ड डिस्क जुनी झालीय का बघा असंही लिहिलंय आणि नेमकं तेच निघालं.

तुम्हाला अजून वाटतंय की लाईट गेली म्हणून झालं. पहिल्यांदा गेली होती खरी, पण दुसऱ्यांदा लाईट होती तरी तिथेच अडकलं ना? पेन ड्राईव्ह म्हणाल तर इंटिग्रिटी चेकमध्ये, म्हणजे त्यावरच्या फाईल तपासल्या त्यात, एकही फाईल खराब निघाली नाही, मागच्या पोर्टला लावून बघितला, रॅमची टेस्ट रात्रभर चालवली तीही पास. मग उरली डिस्कच. काल तुम्ही मिंटच्या 'डिस्क्स' प्रोग्राममधला स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचून दाखवलात, त्यात करंट पेंडिंग सेक्टर काउंट ११२, तो शून्य असायला हवा. म्हणजे तेवढ्या जागांवरचं डिस्कला धड वाचता येत नाहीये. केबलमुळे असतं तर त्याच नोंदीतला सीआरसी एररचा, म्हणजे केबलमधून डेटा जाताना होणाऱ्या चुकांचा, आकडा वाढलेला दिसला असता, तो शून्यच आहे.

दुकानातला मुलगा मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या म्हणाला, त्याचं ऐकू नका प्लीज. मदरबोर्ड गेला असता तर पेन ड्राईव्हवरून मिंट एवढं छान चाललं नसतं. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी साधा अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, २५६ जीबीचा, बास होतो, मी आल्यावर बसवू.

तोपर्यंत परत 'इन्स्टॉल' अजिबात दाबू नका, प्रत्येक वेळी त्या दुखऱ्या डिस्कवर ताण येतो आणि डी पण त्याच डिस्कवर आहे. पेन ड्राईव्हवरून चालू करा, फाईल्स उघडा, डाव्या बाजूला ४०० जीबी व्हॉल्यूम असं दिसेल तोच आपला डी. एक्स्टर्नल डिस्क लावा आणि कॉपी करा, सगळं एकदम नको, एकेक फोल्डर. एखादी फाईल अडकली तर 'स्किप' करून पुढे जा, तिच्यासाठी थांबून राहू नका. सोसायटीच्या हिशोबातल्या मराठी फाईल उघडल्यावर अक्षरं विचित्र दिसली तर घाबरू नका, जुना फॉन्ट सी बरोबर गेलाय एवढंच, फॉन्ट टाकला की परत वाचता येतील.

आणि आधी हिशोब नको, फोटो नको, पहिलं 'आजी' नावाचं फोल्डर. तिच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठेच नाहीये, मी माझ्याकडे सगळीकडे शोधलं. कॉपी झालं की एक्स्टर्नल डिस्कवरची एक ओवी लावून बघा, शेवटपर्यंत ऐका, आणि मग मला फोन करा, कितीही वाजले असले तरी. आई, त्याआधी बाबांना जेवायला वाढ.

तुमचीच,
ताई